प्रस्तावना : मोजपट्टीत सापडणारे मूल

तीव्र कुपोषित मूल पाहताक्षणी ओळखू येते, असे बहुतेकांना वाटते. मोजता येतील अशा बरगड्या, म्हाताऱ्यासारखा सुकलेला चेहरा, ढुंगणावरची लोंबती कातडी हे पाठ्यपुस्तकातले चित्र खरेच आहे, पण ते फार उशिराचे आहे. त्याआधी कित्येक आठवडे ते मूल अंगणवाडीत येत असते, आईच्या कडेवर बसून बाजाराला जात असते आणि कोणाला काही वावगे दिसत नाही. ज्या पाड्यावर सगळीच मुले बारीक, तिथे बारीक मूल बारीक वाटत नाही, डोळा सरावतो. उलट अंगावर सूज आलेले मूल गुबगुबीत दिसते, घरचे बाळसे धरले म्हणून सुखावतात, आणि तेच मूल काही दिवसांत दगावू शकते. डॉक्टरांचे डोळेही असेच फसतात. म्हणून मोजावे लागते.

आज जगभर वापरली जाणारी व्याख्या थोडक्यात सांगता येते. मूल सहा महिन्यांहून मोठे आणि पाच वर्षांहून लहान असावे. त्याचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल, किंवा उंचीच्या मानाने त्याचे वजन प्रमाणित मध्याच्या खाली तीन प्रमाण विचलनांपेक्षाही उतरले असेल (आपल्या सेविका याला ‘उणे तीन एसडी’ म्हणतात), किंवा दोन्ही पावलांवर अंगठ्याने तीन सेकंद दाबल्यावर खळगा राहत असेल, तर ते मूल तीव्र कुपोषित, म्हणजे रोजच्या भाषेत ‘सॅम’. यांतले एक लक्षण असले तरी पुरे.

व्याख्या सोपी आहे, पण तिच्यातले दंडघेराचे आणि वजन-उंचीचे माप वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या गरजेतून आले आणि ती दोन्ही मापे एकाच मुलावर बोट ठेवतात असे नाही. एकाने पकडलेले मूल दुसऱ्यातून निसटते. कोणते माप हाती घ्यायचे हे ठरवताना आपण कोणते मूल उपचारापर्यंत पोचणार आणि कोणते घरीच राहणार हेही ठरवत असतो. हे पुस्तक या एका गोष्टीभोवती रचलेले आहे. नव्या वाचकाला त्यातले लेख नीट लागावेत म्हणून या मापांची वंशावळ इथे मांडतो.

सिसिली विल्यम्स यांनी १९३०च्या दशकात आजच्या घानात काम करताना ‘क्वाशिओर्कर’ या आजाराचे वर्णन केले. त्या काळी कुपोषण ओळखायचे ते लक्षणांवरून : सूज, केसांचा बदललेला रंग, सोलवटणारी त्वचा. त्याला आकड्यांची चौकट देण्याचे मोठे काम मेक्सिको सिटीतल्या बालरुग्णालयात फेदेरिको गोमेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. त्यांचा १९५६चा निबंध आजही वाचण्याजोगा आहे, कारण त्यातला प्रश्न थेट होता : वॉर्डात दाखल झालेल्या मुलांपैकी मरतात कोण? वयाच्या मानाने वजन किती टक्के भरते हे पाहून त्यांनी ९०, ७५ आणि ६० टक्क्यांवर रेघा मारल्या. साठच्या खालचे मूल तिसऱ्या श्रेणीचे. पुढे ही श्रेणीपद्धत रुग्णालयाबाहेर पडली आणि गावोगावची मुले मोजायला वापरली गेली. तिच्या जन्मदात्यांच्या मनात तो वापर नव्हता.

भारतात इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने १९७२ मध्ये ८०, ७०, ६० आणि ५० टक्के अशा आपल्या रेघा आखल्या. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि पुढची तीसेक वर्षे अंगणवाडीच्या वहीत ‘ग्रेड थ्री, ग्रेड फोर’ हेच शब्द राहिले. अजूनही जुन्या सेविका बोलताना ‘चौथ्या ग्रेडचं पोर’ म्हणून जातात.

वयाप्रमाणे वजन या मापाचा मोठा गुण म्हणजे एक तराजू असला की झाले. छताच्या वाशाला स्प्रिंगचा काटा टांगायचा, झोळीत मूल ठेवायचे, काटा स्थिर झाला की वाचायचे. नायजेरियातल्या इमेसी-इले या गावात डेव्हिड मोर्ले यांनी याच मापाला तक्त्याचे रूप दिले. महिन्याला एक ठिपका, ठिपके जोडणारी रेघ, आणि लक्ष त्या रेघेच्या दिशेवर. रेघ सपाट झाली की मूल अजून ‘नॉर्मल’ पट्ट्यात असतानाच आईशी बोलायचे. ही शहाणी कल्पना होती आणि माझ्या मते आपण तिला न्याय दिला नाही. आपल्याकडे तक्ते भरले गेले, पण रेघ पाहून आईशी बोलायला सेविकेकडे वेळ किती होता?

या मापाचा दोष दुहेरी आहे. त्याला वय अचूक लागते, आणि ज्या पाड्यावर जन्म घरी होतात, तारीख ‘होळीच्या आधी’ किंवा ‘पोळ्याच्या सुमारास’ अशी सांगितली जाते, तिथे दोन महिन्यांची चूक सहज होते. दुसरा दोष मुळातला आहे. कमी वजनाचे मूल बुटके असू शकते, लुकडे असू शकते, किंवा दोन्ही. बुटकेपणा हा दीर्घकाळ साचत गेलेल्या उपासमारीचा आणि आजारपणांचा ठसा. लुकडेपणा ही आताची, या महिन्यातली घसरण. दोन्हींवरचे उपाय वेगळे, तातडीही वेगळी. हा भेद ठामपणे मांडला तो जॉन वॉटरलो यांनी. जमैकातल्या संशोधन केंद्रात त्यांनी अतिकुपोषित मुलांच्या शरीराचा वर्षानुवर्षे अभ्यास केला होता. १९७२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमधल्या लेखात त्यांनी सुचवले की वयाच्या मानाने उंची आणि उंचीच्या मानाने वजन ही दोन मापे वेगळी घ्या. आज आपण जी सॅम-मॅमची (तीव्र आणि मध्यम कुपोषणाची) भाषा बोलतो तिचे बीज तिथले.

वैद्यकीयदृष्ट्या उंचीच्या मानाने वजन हे माप सुबक आहे. वय लागत नाही, बुटक्या मुलावर अन्याय होत नाही. पण ते घेणे किती नाजूक काम आहे हे स्वतः घेतल्याशिवाय कळत नाही. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी झोपवून मोजायची. लाकडी किंवा प्लॅस्टिकची फळी, डोक्याकडे स्थिर पाट, पायांकडे सरकता पाट. एकीने दोन्ही हातांनी डोके धरून टाळू पाटाला टेकवायची, मुलाची नजर सरळ वर हवी. दुसरीने एका हाताने गुडघे दाबून पाय सरळ करायचे, दुसऱ्या हाताने पाट तळव्यांना भिडवायचा आणि मूल रडत, लाथा झाडत असताना मिलिमीटर वाचायचा. गुडघे दाबायला सेविकेचा जीव होत नाही आणि तिथेच एक सेंटिमीटर हरवतो. त्या सेंटिमीटरचे मोल पाहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात ७० सेंटिमीटर लांबीच्या मुलग्यासाठी उणे तीन एसडीची रेघ ६.६ किलोवर आहे, ७१ सेंटिमीटरसाठी ६.८ किलोवर. समोरचा मुलगा ६.७ किलोचा आहे. त्याची खरी लांबी ७१ असेल तर तो सॅम आहे, त्याला उपचार हवेत. गुडघे वाकलेले राहिले, लांबी ७० लिहिली गेली, की तो मॅमच्या रकान्यात जातो आणि घरी परततो. वजन करताना अंगातले ओले झबले काढायचे राहिले तरी हेच घडते.

तिसरी परंपरा आली ती युद्ध आणि दुष्काळातून, जिथे फळी आणि काटा घेऊन फिरणे शक्यच नव्हते. निरोगी मुलाचा दंड वयाच्या एक ते पाच वर्षांत फारसा जाड होत नाही. मूल उंच होत जाते, दंड जवळपास तेवढाच राहतो. त्यामुळे एकच आकडा या सगळ्या वयांना चालवून घेता येतो. दंडात असतो स्नायू आणि थोडी चरबी, आणि उपाशी किंवा आजारी शरीर जगण्यासाठी स्नायूच खर्ची घालते. डेरिक जेलिफ यांनी १९६६च्या आपल्या मार्गदर्शक ग्रंथात दंडघेराला मानाचे स्थान दिले. नायजेरियातल्या यादवीत क्वेकर मदत पथकाने एका काठीवर उंचीच्या जागी दंडघेराचे आकडे लिहिले. मूल काठीशी उभे करायचे, दंड मोजायचा, काठीवरचा आकडा आणि दंड यांची तुलना करायची. पुढे हीच काठी बांगलादेशात वापरली गेली. अल्फ्रेड सोमर आणि त्यांच्या सहकाऱ्याने ८ हजारांहून अधिक मुलांचा पुढची दीड वर्षे मागोवा घेतला आणि १९७५ मध्ये दाखवले की काठीवर खालच्या टोकाला असलेली मुले खरोखर जास्त मरतात. त्याच सुमारास बगदादचे बालरोगतज्ज्ञ अदनान शाकिर आणि मोर्ले यांनी लाल, पिवळी, हिरवी पट्टी सुचवली. वापरून झालेल्या एक्स-रे फिल्म धुऊन त्यांच्या पट्ट्या कापता येत. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही ती वाचता येत होती.

मग बांगलादेशच्याच मतलब या भागातून मोठा पुरावा आला. लिंकन चेन आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये लहान मुलांची अनेक मापे आणि पुढच्या दोन वर्षांतले मृत्यू ताडून पाहिले. मृत्यूचा अंदाज देण्यात उंचीच्या मानाने वजन हे सर्वांत कमकुवत निघाले. आंद्रे ब्रियां यांनी १९८६ मध्ये दंडघेराचा दावा आणखी भक्कम केला आणि त्यांची भूमिका स्पष्ट होती : निदानाचे माप शरीरशास्त्राच्या व्याख्येत किती चपखल बसते हे पाहू नका, मरणाच्या दारात असलेले मूल ते वेळेत दाखवते का ते पाहा. पुढे हेच ब्रियां शेंगदाण्यावर आधारित, शिजवावे न लागणाऱ्या उपचारआहाराच्या निर्मितीत होते. घरी राहून उपचार शक्य झाले, म्हणून गावपातळीवर मुले शोधण्याला अर्थ आला. दोन्ही धागे मिळून २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी समाजाधारित उपचारांना मान्यता दिली, आणि २००९ मध्ये दंडघेराची रेघ ११ वरून ११.५ सेंटिमीटरवर आली.

दरम्यान मोजपट्टीचा पायाही बदलला होता. आधीचे तक्ते अमेरिकेतल्या मुलांवर बेतलेले होते. त्यातल्या तान्ह्यांचा भाग ओहायोतल्या, बहुतांशी बाटलीच्या दुधावर वाढलेल्या मुलांचा होता. २००६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नवे मानदंड आणले. पेलोतास, अक्रा, दिल्ली, ओस्लो, मस्कत आणि कॅलिफोर्नियातले डेव्हिस या सहा ठिकाणची, अंगावर पिणारी, ज्यांच्या आया धूम्रपान करत नाहीत आणि ज्यांच्या घरात पैशाची चणचण नाही अशी मुले निवडली. पाच वर्षांपर्यंत या मुलांची उंची ठिकठिकाणी चकित करण्याइतकी सारखी निघाली. दक्षिण दिल्लीतले सुखवस्तू घरातले मूल ओस्लोतल्या मुलाच्या जवळपास वाढते.

या निष्कर्षाचे वजन मराठी वाचकाला विशेष जाणवावे, कारण त्याआधीचा एक मोठा वाद आपल्या अंगणात झाला. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पां. वा. सुखात्मे हे जागतिक कीर्तीचे संख्याशास्त्रज्ञ. अन्न आणि कृषी संघटनेचा संख्याशास्त्र विभाग त्यांनी दीर्घकाळ सांभाळला. परत येऊन पुण्यात त्यांनी मांडले की शरीर कमी आहाराशी जुळवून घेते, एकाच माणसाची गरज दिवसागणिक बदलते, म्हणून सरासरी कॅलरीवरून उपाशी माणसे मोजली तर आकडा फुगतो. याच धाग्याला पुढे नेत डेव्हिड सेक्लर यांनी लहानखुरी पण निरोगी माणसे अशी कल्पना पुढे केली. पुण्यातच गोखले अर्थशास्त्र संस्थेचे वि. म. दांडेकर सुखात्म्यांशी भिडले, तर पोषणशास्त्राच्या बाजूने सी. गोपालन यांनी जन्मभर याला विरोध केला. गोपालन यांचे म्हणणे असे की, खुरटलेले शरीर हे जुळवून घेणे नसून किंमत मोजणे आहे, आणि ती किंमत बुद्धी, कष्टाची ताकद आणि पुढच्या पिढीतल्या बाळंतपणात वसूल होते. २०१३ मध्ये अरविंद पानगढिया यांनी भारतीय मुले आनुवंशिकतेने लहान असतात असा मुद्दा इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीत मांडला तेव्हा हा वाद नव्या रूपात परत आला, आणि त्याला अनेक अभ्यासकांनी उत्तरे दिली. सुखात्म्यांची संख्याशास्त्रीय शंका गंभीरपणे घ्यावी असे मी मानतो. एका रेघेवरून माणसाला उपाशी ठरवताना चुका होतात हे त्यांनी बरोबर सांगितले. पण सॅमच्या रेघेखालच्या मुलाला तो युक्तिवाद लागू होत नाही. तिथे मृत्यूचा धोका सुदृढ मुलाच्या नऊ-दहा पट असल्याचे अनेक देशांतल्या अभ्यासांतून दिसले आहे.

आता महाराष्ट्राकडे. जव्हारच्या वावर-वांगणीतले १९९२चे बालमृत्यू आणि त्यापाठोपाठ मेळघाटातून आलेल्या बातम्या यांनी हा विषय विधानसभेपर्यंत नेला. डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांच्या ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने दाखवले की कागदावरच्या बालमृत्यूंहून प्रत्यक्षातले कितीतरी जास्त आहेत. २००५ मध्ये राजमाता जिजाऊ मिशन स्थापन झाले, गावपातळीवर ग्राम बाल विकास केंद्रे आली, दवाखान्यांत बाल उपचार केंद्रे आणि पोषण पुनर्वसन केंद्रे आली. काम झाले, यात शंका नाही. तरीही २०१९–२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातली २५.६ टक्के मुले लुकडी आणि १०.९ टक्के तीव्र लुकडी निघाली. देशाचे आकडे अनुक्रमे १९.३ आणि ७.७ टक्के होते. मुंबई-पुण्याचे राज्य देशाच्या सरासरीपेक्षा मागे असावे, याची जितकी चर्चा व्हायला हवी होती तितकी झाली नाही.

आणि इथेच मोजण्याचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. या सर्वेक्षणातला आकडा आणि अंगणवाड्यांच्या दरमहाच्या अहवालातला सॅमचा आकडा यांत प्रचंड तफावत आहे. याचे एक कारण मापांत आहे : भारतात वजन-उंचीच्या मापाने सापडणारी मुले दंडघेराने सापडणाऱ्यांपेक्षा बरीच जास्त असतात आणि दोन्हींत सापडणारी थोडी. शरीराची ठेवण, पाय आणि धड यांचे प्रमाण, वय हे सगळे त्यात येते. दंडघेर लहान वयाच्या मुलांना आणि मुलींना जास्त पकडतो. मायकेल गोल्डन यांच्यासारखे अभ्यासक दोन्ही मापे स्वतंत्रपणे वापरावीत असा आग्रह धरतात. दंडघेरवादी म्हणतात, मरणारी मुले त्यांच्या पट्टीत आधी येतात, बाकीची वाट पाहू शकतात. हा वाद मिटलेला नाही आणि आम्ही तो मिटवण्याचा आव आणलेला नाही.

दुसरे कारण मात्र शास्त्रीय नाही. महिन्याच्या बैठकीत ‘तुझ्याच अंगणवाडीत इतकी सॅम कशी?’ असा प्रश्न ज्या सेविकेला विचारला जातो, ती पुढच्या महिन्यात काय लिहील? मूल शोधून काढले ही तिची कामगिरी. ती तिच्या माथी दोष म्हणून मारली जाते. आता मोबाइलमधल्या पोषण ट्रॅकरमध्ये वजन-उंची भरली की श्रेणी आपोआप निघते, पण भरलेला आकडा खरा आहे की नाही हे ॲपला कळत नाही. उंचीचे आकडे शून्यावर किंवा पाचावर संपू लागले, मागच्या महिन्यापेक्षा मूल बुटके झाले, की समजावे फळी कोपऱ्यातच पडून आहे. याला शिस्तभंगाच्या नोटिशीने उत्तर देता येत नाही. चांगली फळी, दोन माणसांचे हात, आणि सापडलेल्या प्रत्येक मुलासाठी खरेच चालू असलेले उपचार हवेत. चौदा दिवस दवाखान्यात राहायचे तर आईची मजुरी बुडते, घरी दुसरे लेकरू असते. ती नाही म्हणाली तर तिला अडाणी ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही.

पुस्तक याच वेळी का, असे विचारले तर उत्तर असे. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने लुकडेपणा आणि सूज यांवरची नवी मार्गदर्शिका काढली, सहा महिन्यांखालच्या तान्ह्यांचा प्रश्न तिने ठळकपणे घेतला. त्याच वर्षी केंद्र सरकारने मुलांच्या कुपोषण व्यवस्थापनाची नवी नियमावली जाहीर केली. आफ्रिकेतल्या काही देशांत आयांच्याच हाती पट्टी देऊन पाहिले गेले, आणि त्या आरोग्य कर्मचाऱ्यांइतक्याच नीट मोजतात असे दिसले. मेळघाटातली कोरकू कुटुंबे दिवाळीनंतर कामाला बाहेर पडतात आणि होळीला परततात. त्या महिन्यांत मूल कोणत्याच अंगणवाडीच्या वहीत नसते. अशा मुलाचा दंड त्याची आईच मोजू शकते. मला या शक्यतेत सर्वांत जास्त आशा वाटते.

यावर मराठीत जे लिखाण आहे ते एक तर सरकारी परिपत्रकांत आहे, नाहीतर वृत्तपत्रांच्या बातम्यांत. पहिल्यात कसे मोजायचे ते असते, का ते नसते. दुसऱ्यात मृत्यूंचे आकडे असतात, मापे नसतात. म्हणून आम्ही बालरोगतज्ज्ञ, संख्याशास्त्राचे शिक्षक, पोषण कार्यकर्ते आणि काही सेविका अशा वेगवेगळ्या हातांनी लिहिलेले लेख एकत्र आणले. त्यांची मते एक नाहीत. दंडघेराच्या बाजूचा लेख आणि त्याविरुद्धचा लेख शेजारीशेजारी छापले आहेत आणि संपादनात कोणाची धार बोथट केलेली नाही. सेविकांचे लेखन त्यांच्याच भाषेत ठेवले आहे. पाककृती आणि आहारयोजना या पुस्तकात नाहीत. तो वेगळा आणि मोठा विषय आहे. सहा महिन्यांखालच्या बाळांवर एकच लेख आहे, तोही सावध आहे, कारण तिथले पुरावे अजून उभे राहत आहेत.

वैद्यकीय विद्यार्थ्याने सुरुवातीपासून वाचावे. पत्रकाराने आधी तफावतीवरचा लेख वाचावा, मगच पुढच्या पावसाळ्यातली बातमी लिहावी. सेविकेने आणि आशाताईंनी मात्र थेट शेवटची तक्त्यांची पाने उघडावीत. मुलगे आणि मुलींसाठी ती वेगळी आहेत, अक्षर मुद्दाम मोठे ठेवले आहे, आणि पान फाडून फळीशेजारी चिकटवता यावे म्हणून त्यांची मागची बाजू कोरी सोडली आहे.